काळं पर्शियन मांजर तांबूस पडतंय? शाम्पू बदलण्याआधी केसाचं मूळ बघा

पर्शियन पाळणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली आहे. "पिल्लू आणलं तेव्हा काळंकुळकुळीत होतं. आता पाठीवर आणि शेपटीवर तांबूस झाक आलीय. पावसाळ्यात जरा बरं दिसतं, मार्च उजाडला की पुन्हा तेच. तीन शाम्पू झाले. विकणाऱ्यानं रंगवून दिलं होतं का?"

बहुतेक वेळा तसं काही नसतं. आणि शाम्पूचा तर यात जवळजवळ संबंधच नसतो.

माझा बोका डांबर. आता साडेपाच वर्षांचा आहे. नाव ठेवलं तेव्हा ते त्याला शोभत होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "डांबर कसलं गं, ही तर गुळाची ढेप झाली." त्याचा रंग आजवर तीनदा बिघडला आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. पहिल्या वेळचा उपाय दुसऱ्या वेळी चालला नाही, दुसऱ्या वेळचा तिसऱ्या वेळी. "मांजर तांबूस झालं" हे लक्षण एकच आहे, पण त्यामागे निदान पाच-सहा वेगवेगळ्या भानगडी असू शकतात. त्या ओळखायची पद्धत आधी सांगते, मग एकेक कारण.

आधी फुंकर मारा

मांजर खिडकीजवळ उजेडात घ्या. बल्बखाली नको, पिवळ्या उजेडात कुठलंही काळं मांजर पिंगट दिसतं. पाठीवरच्या केसांवर जोरात फुंकर मारा. केस दोन्हीकडे फाकतात आणि कातडीपर्यंतची वाट उघडी पडते. आता तीन जागा बघा: कातडीला लागून असलेलं मूळ, मधला भाग, आणि टोक. हेच मांडीमागच्या झुपक्यांवर, मानेच्या आयाळीवर आणि पोटावर करा. पोट विसरू नका, कारण तिथे ऊन पोचत नाही, आणि ते पुढे कामाला येणार आहे.

काही जण कंगव्यात आलेले केस बघून निष्कर्ष काढतात. मीही तेच करत होते. पण गळून कंगव्यात येणारा केस हा वाढ संपलेला केस असतो. त्याचं मूळ कधी तयार झालं ते कळत नाही. आज काय चाललंय ते बघायचं तर केस अंगावरच बघायला हवा. फारच खात्री करायची असेल तर बोथट टोकाच्या कात्रीनं छोटा झुपका कापा, पण कात्री आणि कातडी यांच्यामध्ये स्टीलचा कंगवा आडवा धरा. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, चिमटीत येते आणि कात्रीतही येते. कापलेला झुपका पांढऱ्या कागदावर ठेवा. मी वीजबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ठेवला होता.

याचा उपयोग काय? मांजराचा केस महिन्याला साधारण पाऊण सेंटिमीटर वाढतो. म्हणजे पर्शियनच्या पाठीवरचा पाच-सहा सेंटिमीटरचा केस ही काही महिन्यांची नोंदवही झाली. टोक सगळ्यांत जुनं, मूळ सगळ्यांत ताजं. तांबूसपणा टोकाला आहे की मुळाशी, एवढ्या एका गोष्टीवर निम्मं निदान होतं.

टोकं तांबूस, मूळ काळं: हे ऊन आहे

सगळ्यांत जास्त आढळणारी आणि सगळ्यांत निरुपद्रवी गोष्ट. काळ्या केसातलं रंगद्रव्य म्हणजे युमेलॅनिन. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते हळूहळू विरतं आणि केस तपकिरी, मग तांबूस दिसू लागतो. जो भाग जास्त दिवस उन्हात राहिला तो जास्त उडतो, म्हणून टोकं आधी. पाठ, शेपटी आणि आयाळ उडते, पोट काळंच राहतं. पोटावर बघायला सांगितलं ते यासाठी.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "पण आमचं मांजर घराबाहेर जातच नाही हो!" डांबरही जात नाही. पण आमची बाल्कनी पश्चिमेकडे आहे, तिला काचेची सरकती खिडकी आहे, आणि त्या काचेमागे कपड्यांच्या टोपलीवर दुपारी दोन ते पाच हा पसरलेला असतो. साधी काच अतिनील किरणांपैकी यूव्हीबीचा बराचसा भाग अडवते. यूव्हीए मात्र आरपार येतं. पुण्यात फेब्रुवारीपासून मेपर्यंत ते ऊन किती असतं ते मी सांगायला नको.

उन्हानं आणखी एक गंमत होते. काळ्या मांजराच्या अंगावर पुसट पट्टे उमटतात. माझ्या भावाला वाटलं होतं की डांबरचा बाप गल्लीतला वाघ्या बोका असणार. तसं नाही. पट्ट्यांचा आराखडा प्रत्येक मांजराच्या अंगात असतोच. एकरंगी काळ्यात तो नॉन-अगूटी जनुकामुळे झाकलेला असतो, पण पुरता पुसलेला नसतो. रंग उडू लागला की पट्ट्यांमधला आणि पट्ट्यांबाहेरचा फरक दिसायला लागतो, जुन्या भिंतीवरचा चुना उडाल्यावर आतला रंग दिसावा तसा.

उपाय फार थोडा. काचेला दुपारी जाड पडदा. टोपली हलवायची. आंघोळ घातली तर सावलीत, टॉवेलनं आणि कोमट हवेच्या ड्रायरनं कोरडं करायचं. ओल्या अंगानं उन्हात बसवायचं नाही. उडालेला रंग मात्र परत येत नाही, कारण केस ही मेलेली वस्तू आहे. तो केस गळून नवा येईपर्यंत थांबावं लागतं.

यात एक गोष्ट खरोखर फरक पाडते, ती म्हणजे कंगवा. पर्शियनचा गळलेला केस खाली पडत नाही, आतल्या मऊ थरात अडकून राहतो. तो जुना असतो, म्हणजे जास्त उडालेला असतो. मी एका रविवारी दीड तास बसून, दोन्ही बाजूंनी, पोटापर्यंत, स्टीलच्या कंगव्यानं विंचरलं. चहाच्या पातेल्याएवढा तांबूस लोकरीचा गोळा निघाला आणि खालून बऱ्यापैकी काळा बोका. तीन शाम्पूंचे पैसे त्या गोळ्यासमोर वाया गेले.

एवढं करूनही थोडी झाक राहील. राहू द्या. अमेरिकेतल्या सीएफए या 1906 सालच्या मांजरसंस्थेच्या निकषात काळ्या पर्शियनबद्दल काय लिहिलंय बघा: मुळापासून टोकापर्यंत कोळशासारखा दाट काळा, टोकांवर गंजाची छटा नको, आतला थर धुरकट नको. निकषातच "गंज नको" असं लिहावं लागलं, म्हणजे हा गंज सगळ्यांच्याच मांजरांना चढत आलाय.

मूळ तांबूस, टोक काळं: इथे थांबा

डांबरची तिसरी वेळ ही. मला कामासाठी चार महिने बाहेर राहावं लागलं, म्हणून त्याला साताऱ्याला आईकडे ठेवलं. सोबत कोरड्या खाण्याची मोठी पिशवी, वाटी, कंगवा, सूचनांचा कागद. परत आले तर बोका गोल गरगरीत. आई खूश. "बघ, कसं बाळसं धरलंय. तुझ्याकडे नुसता हाडं हाडं होता." पिशवी बघितली तर जवळजवळ तशीच.

"आई, हा खात काय होता?"

"दूधभात. पोळी कुस्करून, वर जरासं तूप. ते तुझं गोळ्यांचं खाणं वास मारतं गं. लेकराला कसं घालू?"

मी फुंकर मारली. टोकं काळी होती. आणि कातडीलगतचं दोन-अडीच सेंटिमीटर अगदी चहाच्या रंगाचं. वीजबिलावर झुपका ठेवला तेव्हा केसाच्या मध्यावर जणू रेघ मारलेली: वर पुणं, खाली सातारा. पोटावरही तेच. ऊन असतं तर पोट वाचलं असतं.

यामागचं कारण असं. काळं रंगद्रव्य तयार करायला शरीराला टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल लागतं. ते थेट खाण्यातून येतं किंवा फेनिलअॅलनिन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून बनतं. दोन्ही मिळतात प्रथिनांतून. ती कमी पडली की युमेलॅनिन घटतं, तांबूस-पिवळं फिओमेलॅनिन वरचढ होतं, आणि काळा केस उगवतानाच तांबूस उगवतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी हे 2001 मध्ये काळ्या मांजरांवर दाखवून दिलं. त्यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की केस पुरता काळा राहायला या दोघांचं जेवढं प्रमाण लागतं ते पिल्लाच्या वाढीला लागणाऱ्या प्रमाणापेक्षा जास्त आहे. म्हणजे वजन नीट वाढतंय, मांजर खेळतंय, आणि तरी रंगाला कमी पडतंय असं होऊ शकतं. आई खोटं बोलत नव्हती, बाळसं खरंच धरलं होतं.

रंगाचं एक वेळ सोडून देता आलं असतं. डॉक्टरांनी मला झापलं ते दुसऱ्या गोष्टीवरून. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचं अमिनो आम्ल त्याला पुरेसं स्वतः बनवता येत नाही, आणि ते दूधभातात नसल्यातच जमा. टॉरिन कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदयाचा स्नायू ढिला पडतो. हृदयाचा हा संबंध 1987 मध्ये, पुन्हा डेव्हिसलाच, उलगडला आणि त्यानंतर मांजरांच्या खाण्यात टॉरिनचं प्रमाण वाढवलं गेलं. कुत्र्याचं खाणं मांजराला घालू नये त्याचंही एक कारण हेच. डांबरचं हृदय आणि डोळे तपासले, ठीक निघाले. चार महिनेच झाले होते, त्यामुळे निभावलं.

तेव्हा घरात शाकाहारी स्वयंपाक असेल आणि मांजर "आमच्यातलंच थोडं" खात असेल, तर मूळ तपासा. मांजरासाठीच बनवलेलं, "संपूर्ण आणि संतुलित" असं लिहिलेलं खाणं द्या. पिशवीवर आफ्को या अमेरिकी संस्थेच्या पोषणमानाचा उल्लेख असला तर उत्तम. घरीच चिकन-मासे शिजवून घालायचे असतील तर पशुवैद्याकडून नीट मोजमाप घेऊन घाला. नुसतं उकडलेलं चिकन आणि भात हे पोट बिघडल्यावरचं चार दिवसांचं जेवण आहे, आयुष्यभराचं नव्हे. टायरोसिनच्या गोळ्या स्वतःच्या मनानं आणून घालू नका.

तांब्याचंही असंच आहे. रंगद्रव्य बनवणारं विकर तांब्याशिवाय चालत नाही; तांबं कमी पडलं की केस तांबूस. भाषेनं केलेला विनोद आहे हा. यावर आमच्या एका नातेवाइकांनी तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सुचवलं. नको. योग्य खाण्यात तांबं पुरेसं असतं. मात्र केसांसाठी म्हणून झिंकची पूड किंवा गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा, कारण झिंक जास्त झालं की तांबं नीट शोषलं जात नाही.

आणि खाणं चांगलं असूनही मूळ तांबूस येत असेल, सोबत वजन उतरत असेल, पाणी जास्त प्यायलं जात असेल, उलट्या होत असतील किंवा मांजर स्वतःला चाटायचं सोडून बसलं असेल, तर हे वाचणं थांबवा आणि रक्त तपासून घ्या.

डांबरचं सांगायचं तर खाणं बदलल्यावर दुसऱ्या महिन्याच्या शेवटी मुळाशी काळी रेघ दिसली. मधला चहाचा पट्टा वर वर सरकत गेला आणि पुढच्या केसगळतीत गेला. तोपर्यंत सहा-सात महिने तो तीन थरांच्या बर्फीसारखा फिरत होता.

मूळ पांढरं किंवा चंदेरी: तुमचं मांजर काळं नाहीच

फुंकर मारली आणि खाली पांढरं दिसलं तर ते स्मोक आहे. या मांजराचा प्रत्येक केस मुळाशी पांढरा असतो आणि वरचा बराचसा भाग काळा. उभं राहिलं की काळं, चाललं की आतलं चंदेरी चमकतं. पिल्लू असताना केस आखूड, म्हणून सगळं काळंच दिसतं. चार-सहा महिन्यांनी केस लांबले की गुपित फुटतं. तेव्हा मालक घाबरतात, की केस पिकायला लागले.

खरी रडारड उन्हाळ्यात होते. उकडतंय म्हणून सलूनमध्ये नेऊन मशीन फिरवतात आणि काळं मांजर आत गेलं, ते राखाडी-पांढरं बाहेर आलं. शाम्पूनं रंग गेला, औषधानं गेला, असं म्हणून भांडणं होतात. काही गेलेलं नसतं. केसांचा वरचा काळा भाग कापून टाकलाय, एवढंच. केस वाढले की काळं परत येईल. स्मोकपण देणारं जनुक प्रबळ आहे, म्हणून आई-बापांपैकी एक तरी सहसा स्मोक किंवा सिल्व्हर असतो. पिल्लू घेताना दोघांवर फुंकर मारून बघायची सोय असेल तर बघा. विकणाऱ्याला रंग विचारण्यात अर्थ नाही, उंदराला मांजर साक्ष.

काही केस मुळापासून टोकापर्यंत लाल

मांजर मादी असेल, आणि लालसर केस ठिपक्यांत किंवा झुपक्यांत असतील, ऋतू बदलला तरी ते तिथेच राहत असतील, तर ती काळी नसून टॉर्टी आहे, म्हणजे काळा-लाल मिश्र रंग. लाल रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीकडे दोन एक्स. काही पेशींत एक चालू, काहींत दुसरा, म्हणून अंगावर दोन्ही रंगांची सरमिसळ. त्या लालमागचा नेमका बदल जपानी आणि अमेरिकी गटांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केला: एआरएचजीएपी36 या जनुकाजवळचा सुमारे 5,100 अक्षरांचा एक तुकडा गळालेला असतो. शंभर वर्षं लोक ते जनुक एक्सवर आहे एवढंच जाणत होते. बोका टॉर्टी असायला त्याच्याकडे बहुधा जादा एक्स असावा लागतो आणि असा बोका सहसा वांझ असतो. तुमच्या बोक्याला "टॉर्टी" म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर आधी तो बोकाच आहे ना ते बघा. पर्शियनच्या झुपकेदार मांडीत अशा चुका होतात, आमच्या इमारतीतल्या "राजा"ला चार पिल्लं झाली.

पिल्लू आठ-दहा महिन्यांपेक्षा लहान असेल तर

काही करू नका. डांबरची पहिली वेळ हीच होती. काळी पिल्लं लहानपणी राखाडी किंवा तांबूस छटेची, गबाळी दिसतात आणि मोठेपणीचा केस आला की काळी होतात. मी तेव्हा पहिला शाम्पू आणला होता, आणि रंग आपोआप सुधारल्यावर श्रेय त्या बाटलीला दिलं. म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तोच आणला.

गाभण मांजरीला ताप आला किंवा तिच्यावर मोठा ताण पडला तर पिल्लं चंदेरी-करड्या केसांची जन्मतात. याला तापाचा कोट म्हणतात. काही महिन्यांत तो जाऊन खरा रंग येतो. अशा पिल्लाला "सिल्व्हर" म्हणून विकलं की घेणाऱ्याला वर्षभरानं साधं काळं मांजर मिळतं. मला साधं काळं मांजर आवडतं, पण पैसे सिल्व्हरचे गेलेले असतात.

"तांबूस नाही, चॉकलेट आहे!"

हे उलट्या बाजूचं दुखणं. उन्हानं उडालेलं काळं पिल्लू "रेअर चॉकलेट पर्शियन" म्हणून दीडपट भावात खपवलं जातं. खरं चॉकलेट असतं, त्याचं जनुकही वेगळं आहे, पण ते अप्रबळ असल्यानं आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं. ओळखायचं नाकावरून आणि पंजाच्या गाद्यांवरून. काळ्या मांजराचं नाक काळं असतं आणि गाद्या सहसा काळ्या, केस कितीही तांबूस झाले तरी. चॉकलेटचं नाक आणि गाद्या तपकिरी असतात. गाद्यांना ऊन लागून रंग उडत नाही. पैसे मोठे असतील तर गालाच्या आतून कापसाच्या काडीनं नमुना घेऊन जनुकचाचणी करता येते.

मांजर काळं नसेल तर

थोडक्यात सांगते, कारण या रंगांची मांजरं मी स्वतः पाळलेली नाहीत, बहिणीकडची आणि मैत्रिणींकडची बघितली आहेत.

पांढरं मांजर पिवळं पडतं ते डोळ्यांखाली, तोंडाभोवती, पंजांवर आणि शेपटीच्या बुडाशी. चपट्या तोंडामुळे पर्शियनच्या अश्रूंची नळी वाकडी होते, पाणी गालावर ओघळतं. अश्रूंत आणि लाळेत पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं असतात, त्यांचे डाग गंजासारखे पडतात. रोज कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसानं पुसणं याला पर्याय नाही. डोळ्याजवळ पेरॉक्साइड वगैरे अजिबात नको. पंजे किंवा पोट एकाएकी तपकिरी होऊ लागलं तर मांजर ती जागा सारखं चाटतंय: पिसवा, अॅलर्जी, किंवा पोटावर असेल तर लघवीचं दुखणं. शेपटीच्या बुडाशी तेलकट पिवळा पट्टा हा बहुतेक न खच्ची केलेल्या बोक्याचा, तिथल्या तेलग्रंथींमुळे. आणि बहिणीच्या पांढऱ्याशुभ्र मांजरीचा खांदा तीन आठवडे सोनेरी होता त्याचं कारण कुठल्याच पुस्तकात मिळालं नाही. तिच्या सासूबाईंनी ओरखड्यावर हळद लावली होती.

पांढऱ्या पिल्लाच्या डोक्यावर काळा किंवा करडा ठिपका असेल तर तो वाढत्या वयात बहुधा जातो. पांढरं आणि निळ्या डोळ्यांचं पिल्लू असेल तर ऐकू येतं का ते मात्र बघून घ्या. अशांत बहिरेपण बरंच आढळतं.

हिमालयन, म्हणजे सयामीसारखे गडद कान-तोंड-शेपटी असलेले पर्शियन. यांचं रंगद्रव्य बनवणारं विकर थंडीत काम करतं, ऊब लागली की मंदावतं. म्हणून अंगाचे गार भाग गडद. ऑपरेशनसाठी पोट किंवा कूस भादरली की तिथली कातडी उघडी, गार पडते आणि नवा केस गडद उगवतो. जखम काळी पडली म्हणून घाबरू नका, पुढच्या गळतीत बहुधा जातो. वय वाढेल तसं अंगही थोडं गडद होतं, ते परत फिरत नाही.

लाल पर्शियनवर पट्टे दिसतात म्हणून तक्रार असेल तर ती तक्रारच नव्हे. काळ्यावरचे पट्टे झाकणारं नॉन-अगूटी जनुक लाल केसावर चालत नाही. प्रत्येक लाल मांजर कमी-जास्त पट्टेरी असतंच; लांब केसांत ते पुसट होतात इतकंच.

काय लावू नये

केसांचा डाय, मेंदी, काळं करणारी कुठलीही पूड, रिठ्याचं पाणी, टी ट्री तेल: काहीही नाही. मांजर अंगावरचं सगळं चाटून पोटात घेतं आणि आपल्यासारखं त्याच्या यकृताला बरीच रसायनं निकामी करता येत नाहीत. फिनाईलनं पुसलेली ओली फरशीसुद्धा याच यादीत, पंजांवाटे तेही पोटात जातं. खोबरेल विषारी नाही, पण पर्शियनच्या केसांत ते धूळ धरतं आणि गुंता असा बसतो की शेवटी भादरावं लागतं. हे मला विचारू नका, त्या आठवड्यात आईच आमच्याकडे राहायला आली होती.

सध्याची परिस्थिती: एप्रिल चालू आहे, पडदा लावलाय, डांबर पडद्याच्या आत, काचेला टेकून झोपतो. पाठीची टोकं थोडी तांबूस आहेत. काल फुंकर मारून बघितलं, मूळ काळं आहे.